टॉमी चालतो, मग लिंडा का खुपते?

सलूनमध्ये मोबाइलवरचा फोटो पुढे करून ‘बाजूनं एकदम बारीक, वर लांब’ सांगणारी पोरं सोलापुरात आता नवीन राहिलेली नाहीत. फोटोतला माणूस बऱ्याचदा टॉमी शेल्बी असतो, ‘पीकी ब्लाइंडर्स’मधला टोळीचा म्होरक्या. ‘पीकी ब्लाइंडर्स’ या ब्रिटिश मालिकेचा पहिला भाग १२ सप्टेंबर २०१३ ला बीबीसीवर दिसला आणि शेवटचा ३ एप्रिल २०२२ ला. मालिका संपली, तिच्यावरची भांडणं संपली नाहीत. पार्क चौकातल्या गाड्यांभोवती असो नाहीतर कॉलेजच्या कट्ट्यावर, विषय ठरलेले असतात: ग्रेस बरी की लिझी, मायकेल गद्दार की हुशार, अल्फी दोस्त की दुश्मन. कुणी चुकून लिंडाची बाजू घेतलीच, तर ‘काय बे, डोकं फिरलं का?’ हे उत्तर तयार.

मालिका न पाहणारा माणूस हे ऐकून चक्रावतो. ज्यानं किती जणांना मारलं याचा हिशेब चाहत्यांनाही लागत नाही तो ‘आपला टॉमी’. आणि जिनं नवऱ्याला, म्हणजे टॉमीच्या भावाला, ‘हे धंदे सोड’ एवढंच म्हटलं, त्या लिंडाच्या नावानं बोटं मोडायची. असं का होतं ते इथं उलगडून बघू. (पुढे कोण मरतं, कोण फितूर होतं, सगळं येणार आहे. मालिका बघायची राहिली असेल तर आधी बघून घ्या.)

आधी गोष्ट, थोडक्यात

सहा हंगाम, प्रत्येकी सहा भाग, म्हणजे ३६ भाग. लेखक-निर्माता स्टीव्हन नाइट. गोष्ट १९१९ ला बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात सुरू होते आणि १९३० नंतरच्या काळात संपते. कारखाने, धूर, कालवे, कामगारांच्या एकमेकीला चिकटलेल्या घरांच्या रांगा. जुन्या गिरणीच्या चाळीची ज्यांना माहिती आहे त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत.

शेल्बी घराण्याचा धंदा घोड्यांच्या शर्यतींवर बेकायदा पैसे लावून घेण्याचा. आपल्याकडच्या मटक्याची चिठ्ठी घेणारा जो असतो, तसलंच काम. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पेढीत पैसे लावणं कायदेशीर व्हायला १९६१ उजाडलं, त्यामुळे मालिकेच्या काळात ही पेढी दाराआडच चालते. थोरला भाऊ आर्थर, पण डोकं चालतं ते मधल्या टॉमीचं. तो पहिल्या महायुद्धात जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या तुकडीत होता. परत आलाय, पण रात्री भिंतीपलीकडून फावड्यांचे आवाज ऐकू येतात म्हणून अफू ओढून झोपतो.

अशा माणसाला प्रतिनायक म्हणतात: गोष्टीच्या मध्यभागी बसलेला, पण ज्याची कामं खलनायकाला शोभतील असा. हा शब्द इथं एकदाच. बाकी लेखात तो टॉमीच.

‘सोबत’ वेगळी, ‘बाजू’ वेगळी

चित्रपटाचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये एक उपयोगी फरक मांडला. प्रेक्षक एखाद्या पात्राच्या मागेमागे चालतो, त्याला दिसतं ते बघतो, त्याला कळतं ते जाणतो. याला आपण ‘सोबत’ म्हणू. आणि तोच प्रेक्षक मनातून एखाद्याच्या बरोबर उभा राहतो, त्याचं चुकलं तरी सावरून घेतो. ही झाली ‘बाजू’. दोन्ही एकच नव्हेत. पण सोबत पुष्कळ झाली की बाजू आपोआप घेतली जाते, आणि घेतली गेल्याचं आपल्याला कळत नाही.

चाळीतलं भांडण आठवा. ज्यांच्या ओट्यावर आपण चहा पीत बसलो होतो, त्यांचंच बरोबर वाटतं. समोरच्यांचं काय म्हणणं होतं ते ऐकायला आपण तिथं नव्हतोच.

पहिल्याच भागात हे काम किती सफाईनं केलंय ते बघा. टॉमी काळ्या घोड्यावर बसून गल्लीत शिरतो, लोक दारं लावून घेतात. एक चिनी मुलगी घोड्याच्या तोंडावर लाल पूड फुंकते. अफवा पसरते की घोड्यावर मंतर टाकलाय, तो जिंकणारच. घोडा एकदोनदा जिंकवायचा, गल्लीतल्या गरिबांनी भरवशानं पैसे लावले की हरवायचा. सरळसरळ लुबाडणूक आहे. ज्यांचे पैसे बुडाले त्या घरांत मात्र कॅमेरा जात नाही.

त्याच भागात डॅनी येतो. युद्धातून डोक्यावर परिणाम होऊन परतलेला टॉमीचा सोबती. भ्रमाच्या झटक्यात तो एका इटालियन माणसाला मारतो, आणि इटालियनांना बदल्यात त्याचा जीव हवा असतो. टॉमी त्याला कालव्यावर नेऊन त्यांच्यासमोर गोळी घालतो. नंतर कळतं की गोळी खोटी होती, आत मेंढीचा मेंदू भरलेला होता, डॅनी जिवंत आहे. झालं. घोड्याच्या शर्यतीत बुडालेली गल्ली आपण विसरलो आणि ‘दोस्ताला वाचवणारा’ टॉमी लक्षात राहिला. पुढच्या ३५ भागांचं भांडवल लेखकानं पहिल्या तासातच जमवलं.

चेहऱ्याचाही वाटा आहे. माणसाची एक गोष्ट आवडली की त्याच्या बाकीच्या गोष्टीही चांगल्या वाटू लागतात, याला ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासून हे नाव दिलं. टॉमीचं काम करणाऱ्या किलियन मर्फीचे डोळे, अंगाला बेतून शिवलेला कोट, संथ केलेली चाल आणि मागचं गिटार यांची बेरीज केली की टॉमीचे निम्मे गुन्हे धुऊन निघतात. खात्री करायची असेल तर टोळी रस्त्यावरून चालत येते तो कुठलाही प्रसंग आवाज बंद करून बघा. उरतात टोप्या घातलेले चार-पाच वैतागलेले पुरुष.

मग गुंड आवडणाऱ्याला गुंडगिरीही आवडते का?

हा आक्षेप घरातल्या मोठ्यांचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण टॉमी आवडणाऱ्या पोराला खरोखरची खंडणी मागणारा माणूस दारात आला तर आवडत नाही. मालिकेतल्या धोक्याची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, म्हणून तो धोका रुचकर लागतो. तिखट शेंगाचटणी बोटावर घेऊन चाखणं वेगळं आणि डोळ्यात जाणं वेगळं.

बिघाड होतो तो दुसरीकडे. टॉमीच्या न बोलण्याला लोक मर्दानगी समजतात. मालिका मात्र ते न बोलणं आजार म्हणून दाखवते: अफू, भास, झोप नाही, आणि शेवटाकडे पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावलेला माणूस. तीस सेकंदांच्या रीलमध्ये एवढं मावत नाही. तिथं फक्त सिगारेट पेटते आणि खाली ‘एकटा सिंह’ छाप वाक्य येतं, जे बहुतेकदा मालिकेत कुणी बोललेलंच नसतं. रील बघून टॉमीबद्दल मत बनवणाऱ्याशी वाद घालू नये, वेळ जातो.

आत्या चालते, सून खुपते

आता मुख्य दुखणं. चाहत्यांचा सर्वाधिक राग कुणावर? टॉमीच्या मुलाला पळवणाऱ्या पाद्र्यावर असायला हवा, शेल्बींच्या मागे लागलेल्या इन्स्पेक्टर कॅम्पबेलवर असायला हवा. असतोही. पण तो राग शांत असतो, ‘वाईट माणूस आहे, मेला, बरं झालं’ एवढाच. धुसफूस चालते ती बायकांवर: लिंडा, टॉमीची पहिली बायको ग्रेस, काही अंशी दुसरी बायको लिझी, आणि मायकेलची बायको जीना.

इथं मराठी प्रेक्षकाला एक सोय आहे जी इंग्रज प्रेक्षकाला नाही. इंग्रजीत पोली नुसती ‘आंट’ आहे. आपल्याला लगेच कळतं की ती शेल्बी भावांच्या बापाची बहीण, म्हणजे आत्या. माहेरच्या घरात आत्याचा शब्द काय असतो हे सांगावं लागत नाही. पुरुष युद्धावर असताना पेढी तिनंच चालवली. पहिल्या भागात सगळ्यांत धाकट्या फिनच्या हातात त्याचा भाऊ जॉनचं भरलेलं पिस्तूल सापडतं, तेव्हा ती तेच पिस्तूल जॉनवर रोखून त्याला फैलावर घेते. बघणारा खूश. हेलन मॅक्रोरीनं ते कामही तसंच केलंय. एप्रिल २०२१ मध्ये ती गेली आणि सहावा हंगाम तिच्याशिवाय करावा लागला, ती पोकळी पडद्यावर दिसते.

आता लिंडा. आर्थरची बायको, म्हणजे घरातली थोरली सून. ख्रिश्चनांमधल्या क्वेकर पंथाची, दारू आणि हिंसा वर्ज्य मानणारी. तिचं म्हणणं काय? आर्थर पितो, मारतो, मग रडतो, तर त्यानं यातून बाहेर पडावं. आर्थरबद्दल काळजी पोलीलाही आहे. टॉमी भावांना प्यादी म्हणून वापरतो, हेही दोघींना कळतं. पोली बोलली की ‘खमकी बाई’, लिंडा बोलली की ‘कटकटी’.

फक्त रक्ताचं नातं हे कारण पुरत नाही, कारण मायकेल पोलीचा मुलगा, म्हणजे टॉमीचा आतेभाऊ, तरी त्याच्यावर राग आहेच. खरं कारण गोष्टीच्या यंत्रात आहे. पोली रागावते ती धंदा नीट चालावा म्हणून. लिंडा रागावते ती धंदा बंद व्हावा म्हणून. लिंडाचं आर्थरनं ऐकलं तर तो कॅलिफोर्नियाला जाऊन दुकान टाकतो, आणि आपली मालिका तिथं संपते. आपल्याला पुढचा भाग हवा असतो. म्हणजे लिंडाचं भांडण आर्थरशी असलं तरी आडवी ती आपल्याला येते. या एका किल्लीनं चाहत्यांची निम्मी मतं उघडतात.

पाचव्या हंगामात टॉमीच्या घरी पाहुण्यांसमोर बॅले चालू असताना लिंडा पिस्तूल घेऊन आर्थरसमोर उभी राहते. त्याआधी आर्थरनं काय केलेलं असतं? लिंडाच्या ओळखीच्या एका क्वेकर माणसाला नुसत्या संशयावरून मारून मारून विद्रूप केलेलं. पोली लिंडावर गोळी झाडते, आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. त्या क्वेकर माणसाचं नाव कितीजणांना आठवतं?

ग्रेसचं प्रकरण जरा वेगळं. ती गॅरिसन दारूगुत्त्यात नोकरीला येते ती पोलिसांची हेर म्हणून. चोरीला गेलेली शस्त्रं शोधायची असतात, त्यात २५ लुईस मशीनगन. ‘तिनं फसवलं’ हा चाहत्यांचा आरोप खराच आहे. पण तिची सोबत आपल्याला सुरुवातीपासून मिळते, ती हेर आहे हे टॉमीच्या आधी आपल्याला कळतं, त्यामुळे तिच्यावरून सरळ दोन गट पडतात. तिसऱ्या हंगामात ती टॉमीवरची गोळी खाऊन मरते, आणि मेलेल्या माणसाशी स्पर्धा करणं लिझीच्या नशिबी येतं.

अल्फीला सात खून माफ कसे?

लंडनच्या कॅमडेन टाउनमध्ये बेकरीच्या नावाखाली रम गाळणारा अल्फी सोलोमन्स. टॉम हार्डीचं काम. तो टॉमीला एकदा नव्हे, अनेकदा विकतो. दुसऱ्या हंगामात आर्थरला जेवायला बोलावून पकडून देतो. मायकेलनं याच्या निम्मंही केलेलं नाही, तरी मायकेल गद्दार आणि अल्फी लाडका.

वरची किल्ली लावून बघा. अल्फीच्या प्रत्येक दग्यानं गोष्टीला वेग येतो. शिवाय त्याला टॉमीची खुर्ची नको असते. मायकेल नेमकी तीच मागतो: १९२९ च्या न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात कंपनीचे पैसे बुडवून परत येतो आणि वर म्हणतो, आता सूत्रं माझ्याकडे द्या. धंद्याच्या हिशेबानं त्याचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, असं माझं मत. पण मांडणी अशी आहे की तो बोलायला लागला की हात शिवशिवतात. आणखी एक, अल्फी पडद्यावर थोडाच वेळ असतो. रोज घरात वावरणाऱ्यापेक्षा सणाला येणारा पाहुणा नेहमीच गोड वाटतो.

चादर उलटी करून बघा

सोलापुरी चादर उलटी केली तर नक्षी तीच दिसते, रंग मात्र उलटे. पात्रांबद्दल बोलताना हे करता येतं, आणि त्यासाठी अख्खी मालिका पुन्हा बघायची गरज नाही. एक भाग पुरतो. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात, प्रसंगात कॅमेरा कुणाबरोबर आत येतो. दुसऱ्यात, त्या वेळी कुणाला काय माहीत नसतं. तिसऱ्यात, प्रसंग संपल्यावर किंमत कुणी मोजली. तासाभराच्या भागाला दीड तास लागतो, कारण थांबवत बघावं लागतं. चूक बहुतेकांची तिसऱ्या रकान्यात होते: किंमत मोजणाऱ्याचं नाव लिहायचं तर ते नाव आधी माहीत असावं लागतं, आणि मालिका अनेकदा ते सांगतच नाही.

दुसऱ्या हंगामाचा सहावा भाग घ्या, एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचा. टॉमीला एका फील्डमार्शलला मारायचंय. त्याला गर्दीतून बाजूला काढण्यासाठी तो लिझीला पुढे करतो. लिझी पूर्वी वेश्याव्यवसाय करायची आणि आता ते आयुष्य मागे टाकू बघतेय, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याच दिवशी ग्रेस भेटते, पोटात त्याचं मूल असल्याचं सांगते. टॉमीला पोचायला उशीर होतो. तोवर लिझीवर अत्याचार होतो. मग फील्डमार्शल मरतो, टॉमीला पकडून शेतात नेतात, खणलेल्या खड्ड्याच्या काठावर तो शेवटची सिगारेट ओढतो आणि ऐनवेळी वाचतो.

हा भाग बघितलेल्या कुणालाही विचारा काय आठवतं. खड्डा आणि सिगारेट. रकाने भरले तर दिसतं की टॉमी मृत्यूच्या दारात पोचला तो स्वतः हाती घेतलेल्या कामातून, लिझी मात्र कुणाच्या तरी बेतातली वस्तू म्हणून. पुढे तीच त्याची बायको होते, रूबीची आई. सहाव्या हंगामात क्षयानं रूबी जाते आणि लिझी घर सोडते. तेव्हा ‘टॉमीला एकटं टाकून गेली’ म्हणणाऱ्यांनी एप्समचा कागद समोर ठेवावा.

दुसऱ्याच हंगामात आर्थर मुष्टियुद्धाच्या सरावात भान हरपून एका पोराला ठार मारतो. त्या पोराची आई पिस्तूल घेऊन गॅरिसनमध्ये येते. प्रसंग छोटा आहे. आर्थरच्या पश्चात्तापाला मालिका कितीतरी जास्त वेळ देते, म्हणून आपली कणव आर्थरच्या वाट्याला जाते.

पण हे लोक खरेच होऊन गेले ना?

अर्धं खरं. ‘पीकी ब्लाइंडर्स’ नावाची टोळकी बर्मिंगहॅममध्ये होती, पण त्यांचा जोर १८९० च्या दशकातला. मालिकेच्या काळापर्यंत ती मागे पडली होती. शेल्बी घराणं पूर्ण काल्पनिक. मालिकेत दिसणारी, टोपीच्या कडेत ब्लेड शिवण्याची गोष्ट इतिहासकार कार्ल चिन यांनी खोडून काढली आहे: वापरून फेकायची पाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आली आणि तेव्हाही गल्लीतल्या पोरांना परवडणारी नव्हती.

बिली किंबर खरा होता, शर्यतीच्या मैदानांवरचा दादा. मालिकेत टॉमी त्याला पहिल्याच हंगामात संपवतो. प्रत्यक्षात तो १९४५ मध्ये मेला. ऑस्वाल्ड मोझली तर पक्का खरा. त्यानं १९३२ मध्ये ब्रिटिश फॅसिस्टांचा पक्ष काढला आणि १९८० पर्यंत जगला. त्यामुळे पाचव्या हंगामात टॉमीचा त्याला मारायचा डाव फसणार हे इतिहास वाचलेल्याला आधीच ठाऊक असतं. ‘टॉमी तिथं कमी पडला’ हे मत म्हणूनच अन्यायाचं आहे. तिथं त्याला लेखकानं नाही, इतिहासानं अडवलं.

शेल्बी ‘जिप्सी’ आहेत, हे सोलापुरात वेगळं का ऐकू येतं

शेल्बींच्या अंगात रोमानी, म्हणजे युरोपातल्या भटक्यांचं रक्त आहे. चौथ्या हंगामात जॉन मारला जातो तेव्हा त्याला भटक्यांच्या रिवाजाप्रमाणे गाडीत ठेवून गाडी पेटवतात. प्रतिष्ठित लोक शेल्बींना हिणवतात ते गुन्ह्यांपेक्षा जातकुळीवरून. बरेच चाहते हा धागा सोडून देतात.

सोलापुरात तो सोडू नये. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच ब्रिटिश राजवटीचा. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींतलं मूल जन्मतःच गुन्हेगार धरलं जायचं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती, हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर पडता येत नसे. टॉमी पडद्यावर बुकींना दम देत होता त्या काळात हे इथं चालू होतं. कायदा रद्द झाला १९५२ ला. वस्तीचं नाव आजही सेटलमेंटच.

यावर कुणी म्हणेल, मग टॉमी म्हणजे व्यवस्थेनं गुन्हेगार बनवलेला बिचारा. तसं म्हणता येत नाही. सेटलमेंटमधल्या माणसानं काही न करता शिक्षा भोगली. टॉमीनं गल्लीतल्या गरिबांचे पैसे घोड्यावर बुडवले आणि पुढे खासदार झाला. पण कॅम्पबेल जेव्हा सगळ्या वस्तीलाच घाण ठरवून भाषण ठोकतो, तेव्हा अंगावर येणारा काटा आपला आहे आणि त्याला कारण आहे. तो काटा टॉमीच्या खात्यावर जमा होऊ द्यायचा का, हे प्रत्येक प्रसंगाला वेगळं ठरवावं लागतं.

म्हणजे आता लिंडा आवडून घ्यायची?

मुळीच नाही. ती कधीकधी खरंच ढोंगी वागते. तिसऱ्या हंगामानंतर पैशाच्या आणि सूत्रांच्या मोहात तीही पडते. तेवढ्यावरून ती नावडत असेल तर ते मत टिकाऊ आहे, कारण त्याला प्रसंग दाखवता येतो. ‘डोकं खाते’ एवढ्यावरून नावडत असेल तर तीच वाक्यं पोलीच्या तोंडी घालून बघा. वाक्य तिथं आवडलं, तर वाद लिंडाबद्दलचा नव्हता.